नवं लोकगीत कुठे तयार होतं? (एका बिनमाइकच्या बैठकीबद्दल)

माळावरचा

लोकगीत म्हणजे जुनं, आणि त्याचा कर्ता अज्ञात, हे आपल्या डोक्यात कोणी भरवलंय कोण जाणे. शाळेच्या पुस्तकात कवितेखाली ‘पारंपरिक’ असं छापलेलं वाचून वाचून बहुधा. प्रत्यक्षात आजही गावोगाव माणसं गाणी लिहितायत. लग्नात, जयंतीला, मोर्चात, कीर्तनाआधी ती म्हटली जातात. फक्त ती ऐकायला आपण जातो ते थेट स्टेजसमोर. तोवर गाणं पक्कं झालेलं असतं, मागे कीबोर्ड आलेला असतो आणि समोर साहेबांचा सत्कार चालू असतो.

आमच्या तालुक्याच्या गावी एका मित्राच्या घरी, खालच्या मोठ्या खोलीत, गेल्या महिन्यात चार गाणं लिहिणाऱ्यांना बसवलं. स्टेज नाही, माइक नाही, सूत्रसंचालक नाही (हा सगळ्यात मोठा फायदा). पस्तीस-चाळीस माणसं सतरंजीवर भिंतीकडेने, चौघं मधोमध, एकमेकांकडे तोंड करून. अट एकच: जे गाणं आजवर कुठे म्हटलेलं नाही तेच म्हणायचं. गाजलेलं, फर्माइशीचं काही नाही. एकाने एक म्हणायचं, मग पुढच्याने. असे फेरे.

चौघं कोण? एक पोवाडा आणि फटके लिहिणारे साठीचे शाहीर. एक कोकणातून आलेले शक्ती-तुऱ्यातले (गाण्यातून सवाल-जवाब करणारे) बुवा. एक ताई, ज्या ओव्या रचतात आणि स्वतःला कवयित्री अजिबात म्हणवून घेत नाहीत. आणि एक पंचविशीचा मुलगा, बीडकडचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे. हा गिटार घेऊन आला होता. त्यावर दोन म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्याच.

सगळं सांगत बसत नाही, एकच प्रसंग सांगतो. मुलाच्या गाण्यात ओळ होती:

दोरीनं बांधली मोळी, तशी बांधली माझी काया
फडातच उगवला दीस, फडातच मावळला राया

चाल चांगली, आवाज मोकळा. शाहिरांनी मान डोलावली. तेवढ्यात भिंतीकडच्या एक मावशी म्हणाल्या, “दोरी कुठली रं? मोळी वाढ्यानं बांधत्यात.” (वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला.) खोलीत हशा झाला. मुलगा क्षणभर गप्प. मग त्याने पुन्हा सुरुवात केली, “वाढ्यानं बांधली मोळी...” मात्रा जिथल्या तिथे. मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वाढं गुरांसाठी विकून तेल-मिठाचे पैसे निघतात, हे पण घाल म्हणाल्या. दुसऱ्या फेऱ्याला त्याची पाळी आली तेव्हा नवं कडवं तयार होतं:

वाढं विकून आणलं मीठ, वाढं विकून आणलं त्याल
मोळी गेली कारखान्याला, आमी हितंच, सरलं साल

झिलकऱ्यांनी (मागून ओळ उचलून धरणाऱ्यांनी) “सरलं साल” उचललं आणि खोली हलली.

माझं म्हणणं असं की गाणं लोकगीत झालं ते त्या क्षणी. त्याला शंभर वर्षं जुनं व्हायची गरज नाही, कर्त्याचं नाव विसरायचीही गरज नाही. ज्यांच्याबद्दल गाणं आहे ते आणि तीच कला जाणणारे असे दोघं एका खोलीत असले पाहिजेत, आणि गाणं अजून ओलं असलं पाहिजे. असे फेरे इतर कुठे चालतात का? तुम्ही ऐकलंयत का? लिहा.

—

जात्यावरची

फार छान लिहिलंय. त्या ओवीवाल्या ताईंचं काहीच सांगितलं नाहीत! एखादी ओवी तरी द्या.

—

माळावरचा

@जात्यावरची, ताईंना विचारून एक देतो. मुलगी परदेशात आहे त्यांची.

फोनात दिसं लेक, बोलं हासून हासून
काचंला लावलं बोट, तिला लागंना हितून

—

अनुस्वार

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. मावशींनी सांगितलं म्हणून कवीने ओळ बदलली, म्हणजे उद्या चाळीस जणांच्या चाळीस सूचना घ्यायच्या का? कमिटीने लिहिलेल्या कविता आपण सरकारी अभियानांत ऐकतोच. स्वच्छता, साक्षरता, बेटी बचाओ. सगळ्या बरोबर असतात आणि एकही लक्षात राहत नाही. कवीचा एकांत नावाची गोष्ट असते.

दुसरं, ती ओवी सुंदर आहे, पण जातं नाही, दळण नाही, तर ती ओवी कशी? ओवीचा श्वास दगडाच्या फेऱ्याशी बांधलेला असतो. खोलीत सतरंजीवर बसून म्हटली की ती द्विपदी झाली.

—

जात्यावरची

@अनुस्वार, मग पाळण्याजवळ म्हटलेल्या, रोपं लावताना म्हटलेल्या ओव्यांचं काय करायचं? माझी आजी निवडणं-टिपणं करताना म्हणायची. गिरणी आल्यावर बायकांनी जातं सोडलं, ओवी नाही सोडली.

आणि ‘अज्ञात’बद्दल धागाकर्त्याला शंभर टक्के अनुमोदन. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात. प्रत्येक ओवीपुढे म्हणणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. त्यातल्या कितीतरी बायका ओवीतच स्वतःचं, भावाचं, लेकीचं नाव गुंफतात. आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या आहेत, दारूवर आहेत, एसटीवर आहेत. यातलं प्राचीन काय आहे सांगा बरं? एसटी आली १९४८ साली.

—

झिलकरी

मी वीस-बावीसचा होतो तेव्हापासून शाहिरांच्या मागे उभा राहून “जी जी रं जी” म्हणतोय. त्यामुळे मागच्या रांगेतून दिसतं ते सांगतो.

अनुस्वारसाहेब, सूचना सगळ्यांच्या घेतल्या जात नाहीत. पण दोन माणसांचं ऐकावंच लागतं. एक, ज्याला त्या कामाची माहिती आहे तो (मावशी). दुसरा झिलकरी. कारण शाहीर ओळ एकदा म्हणतो, आम्हाला ती उचलून लांबवायची असते. शेवटी ‘त्’, ‘क्’ असं तुटकं अक्षर आलं की सूर तिथेच पडतो. आ, ई, ओ आला की कितीही ताणा. शिकलेली पोरं धृपदात “व्यवस्थेच्या विरुद्ध” असं काही लिहून आणतात. कागदावर झकास. पण आम्ही चौघं ते एका दमात उचलायला गेलो की प्रत्येकाचं ‘रुद्ध’ वेगळ्या ठिकाणी पडतं, आणि डफवाला आमच्याकडे बघत बसतो. बैठकीत हे पहिल्या फेऱ्यातच कळतं. स्टेजवर कळलं तर इज्जत जाते.

“सरलं साल” मध्ये शेवटी ल आहे, पण ‘सा’ लांबवला की काम होतं. पोराला उपजत कळलेलं दिसतंय.

आणखी एक. बिनमाइकच्या बैठकीत वाद्यं बेतानं लागतात. पूर्ण हलगी खोलीत वाजली की शब्द मेले. दिमडी, तुणतुणं, टाळ, फार तर डफ बोटांनी. पावसाळ्यात असाल तर डफ उतरतो, कागद पेटवून त्याच्यावर शेकायचा, चामडं ताणलं की अंगठ्यानं टिचकी मारून ऐकायचं. आजकाल फायबरचं पान असतं, त्याला ना ऊन ना पाऊस. आवाजही तसाच, ना ऊन ना पाऊस.

—

धागेदोरे

झिलकरी काका, तुम्ही स्वतंत्र धागा काढा हो. प्लीज.

—

माळावरचा

@अनुस्वार, एकांताबद्दल. ते गाणं त्याने एकांतातच लिहिलं होतं, फडाच्या कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत) म्हणे. मावशींनी त्याचा भाव बदलला नाही, वस्तू बदलली. ‘माझी काया’ तशीच राहिली. मला वाटतं फरक तिथे आहे. ‘तुझं दुःख असं नको, तसं लिही’ असं त्या खोलीत कोणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मीही तुमच्या बाजूने बोललो असतो.

शाहिरांनी मात्र त्याला एक सांगितलं, की तू ‘राया’ कशाला आणलास, ती लावणीची सवय झाली. त्यावर तो म्हणाला, माझी आई वडिलांना चिडवताना ‘राया’ म्हणते. शाहीर गप्प! शब्द राहिला.

—

चाकरमानी

कोकणातले शक्ती-तुरावाले एवढ्या लांब आले वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हे फार जुनं आहे बरं का. देशावर त्याला कलगी-तुरा म्हणतात. तुरेवाले शिवाच्या, पुरुषाच्या बाजूचे आणि कलगीवाले (आमच्याकडे शक्तीवाले) प्रकृतीच्या, मायेच्या बाजूचे. श्रेष्ठ कोण, शिव की शक्ती, यावर रात्रभर सवाल-जवाब. पुराणातलं कोडं गाण्यातून टाकायचं, समोरच्याने गाण्यातूनच फोडायचं आणि वर आपलं एक टाकायचं. भेदिक म्हणतात ते हेच.

त्यामुळे शाहिराला दर हंगामाला नवी गाणी करावीच लागतात. गेल्या वर्षीचा सवाल या वर्षी टाकला तर समोरचा जवाब पाठ करून बसलेला असतो. गण, गौळण, सवाल, सगळं ताजं हवं. गौळणीला सिनेमाची चाल लावतात, त्यावर जुनी मंडळी नाकं मुरडतात, पण पोरं त्याच्यावरच नाचतात. गणपतीत गावी आणि एरवी मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहात हे सामने तिकीट लावून व्हायचे, हाऊसफुल्ल. गिरणीत पाळी करून आलेला माणूस रात्री शाहीर व्हायचा.

पण फरक सांगतो. तिथे दोघं शाहीर एकमेकांना हरवायला बसलेले असतात. समोरच्याची ओळ सुधारून देईल असा शाहीर मी पाहिला नाही. उलट चूक सापडली की तिचीच टोपी करून त्याच्या डोक्यावर घालणार. तुमच्या खोलीत आमचे बुवा कसे वागले, हे ऐकायला आवडेल.

—

माळावरचा

@चाकरमानी, 😀 बुवा पहिल्या फेऱ्यात हुशारीने बसले होते, सगळ्यांच्या चुका मनात टिपत. दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी शाहिरांना सवाल टाकला, असा की मूळ गाणंच बाजूला राहिलं. शाहिरांनी तिथल्या तिथे जवाब रचला, अर्धा चुकीचा, पण झोकात. ओवीवाल्या ताई म्हणाल्या, “तुमचं भांडण झालं की सांगा, मग मी म्हणते.” तिसऱ्या फेऱ्यात बुवांनी एकदम वेगळं गाणं काढलं, सामन्यात कधीच म्हणता येणार नाही असं. गावातल्या बंद घरांचं. ते संपल्यावर म्हणाले, “हे कुठं म्हणायचं तेच कळत नव्हतं.” माझ्या दृष्टीने बैठकीचं सार्थक तिथे झालं.

—

टेनेसीकर

मी नॅशव्हिलला असतो, म्हणून लिहितोय. इथे याच पद्धतीची एक जागा जगप्रसिद्ध आहे, ब्लूबर्ड कॅफे. १९८२ साली सुरू झालं. दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे, बाहेरून बघितलं तर शेजारच्या दुकानासारखंच. आत जेमतेम नव्वद माणसं मावतात. १९८५ मध्ये तिथे काही गीतकारांनी स्टेज सोडून खोलीच्या मधोमध गोल करून बसायला सुरुवात केली, तीच पद्धत पुढे रूढ झाली. तीन-चार गीतकार, प्रत्येकाच्या हातात गिटार, पाळीपाळीने एकेक गाणं. कुठून सुचलं ते आधी सांगतात. बाकीचे मागून साथ देतात. माझ्या टेबलापासून गाणाऱ्याचा गुडघा हातभर अंतरावर होता.

दोन गोष्टी तुमच्या लेखाशी जुळल्या. एक, गाणारे हे गायक नसतात, लिहिणारे असतात. गाणी दुसऱ्यांनी गाऊन गाजलेली, लिहिणाऱ्याला रस्त्यात कोणी ओळखत नाही. तिथे त्याच्या फाटक्या आवाजात ते ऐकलं की वेगळंच कळतं. दुसरी, गाणं चालू असताना कुजबुजलात तर गप्प करतात, अगदी नियमच आहे.

फरक असा की आता तिथे बरीचशी गाणी गाजलेलीच असतात, पर्यटक तीच ऐकायला येतात आणि तिकीट मिळवायला संगणकासमोर बसून राहावं लागतं. ‘नवंच म्हणायचं’ ही तुमची अट मला जास्त आवडली. ती सोडू नका.

—

खमंग

म्हणजे आपण जे सतरंजीवर करतो ते तिकडे खुर्चीवर केलं की कॅफे. चालू द्या.

—

टेनेसीकर

@खमंग, सतरंजीवर चहा फुकट असतो, हा फरक विसरलात. इथे पाण्यालाही टीप द्यावी लागेल की काय असं वाटतं.

—

गिटारद्वेष्टा

सगळं ठीक, पण गिटार? लोकगीताला? तुणतुण्याची एक तार पुरत होती की. उद्या ड्रमसेट आणाल.

—

जात्यावरची

@गिटारद्वेष्टा, पेटी चालते का तुम्हाला? ती युरोपातून आलेली. परकी, आपल्या गाण्याला मारक, असं म्हणत आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेर काढलं होतं, सत्तरच्या दशकात परत आत घेतली. आज पेटीशिवाय भजनी मंडळ दाखवा. ऊसतोड्याच्या पोराला सेकंडहँड गिटार परवडली, यात गैर काय झालं?

—

गिटारद्वेष्टा

आयडी बदलायची वेळ आली वाटतं.

—

भीमगीतवेडा

या धाग्यावर अजून वामनदादांचं नाव कसं नाही आलं? नवं लोकगीत कसं होतं हे बघायचं तर भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातला माणूस, अक्षरओळख मोठेपणी झालेली, १९४३ पासून लिहायला लागले, २००४ साली गेले. आयुष्यभर वस्त्यावस्त्यांतून फिरून गायले. आज आंबेडकर जयंतीच्या रात्री कोणत्याही वस्तीत जा, त्यांची गाणी म्हणणाऱ्या निम्म्या पोरांना ती कोणाची हे माहीत नसतं. चाळीस-पन्नास वर्षांत गाणं ‘पारंपरिक’ झालं, तेही लिहिणारा हयात असतानाच.

आणि त्यांच्याकडे तर बैठक म्हणजे कायम असायची. ज्याच्या घरी मुक्काम, त्याच्या घरी रात्री नवं गाणं. माझे वडील सांगायचे, गाणं म्हणून झालं की वहीचं पान फाडून देऊन टाकायचे लोकांना. पुढच्या गावात तेच गाणं दुसरा कोणी म्हणत असायचा.

म्हणून मला एक प्रश्न पडतो. हे देऊन टाकणं आज परवडेल का? आमच्याकडच्या एका होतकरू गायकाने घरगुती बैठकीत नवं गाणं म्हटलं. कोणीतरी मोबाइलवर घेतलं. महिन्याभरात दुसऱ्याच्या आवाजात, डीजे मिक्स लावून, यूट्यूबवर. खाली गीतकार म्हणून तिसऱ्याचंच नाव. हा बिचारा आता स्वतःचं गाणं म्हणायला गेला की लोक म्हणतात, कोणाचं तरी उचललंस.

—

माळावरचा

@भीमगीतवेडा, यावर आमच्याकडे बैठकीच्या आधीच वाद झाला होता. शेवटी ठरलं की मोबाइल दाराजवळच्या टोपलीत. दोघं रागावून गेले निघून. त्यातला एक स्थानिक चॅनलवाला. पण नंतर वाटलं ते बरंच झालं. बुवांनी बंद घरांचं गाणं कॅमेऱ्यासमोर काढलं नसतं.

—

अनुस्वार

पण मग नोंद कशी राहणार? टोपलीत मोबाइल ठेवून तुम्ही नव्या लोकगीताचा पुरावाच टोपलीत टाकलात. मघाशी पॉइटवाँ-राईरकरांचं कौतुक झालं, त्यांनी ध्वनिमुद्रण केलं म्हणून तर आज आपण त्या बायकांची नावं घेतोय.

—

जात्यावरची

हा मुद्दा बरोबर आहे. (@अनुस्वारशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.)

—

काळाकोट

वकिलीचा विषय निघालाय म्हणून थोडं. ढोबळ सांगतो, प्रत्येक प्रकरण वेगळं असतं.

गाणं कागदावर उतरलं किंवा ध्वनिमुद्रित झालं की कॉपीराइट आपोआप लिहिणाऱ्याचा. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. मुदत लिहिणारा हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगवेगळे. चाल पारंपरिक असेल तर ती कोणाचीच नाही, तुमचे शब्द मात्र तुमचेच. सिनेमाच्या चालीवर गौळण बांधली तर शब्द तुमचे, चाल तुमची नाही. सामन्यात कोणी विचारत नाही, पण कॅसेट-यूट्यूबवर टाकली की अडचण येऊ शकते.

२०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही सहजासहजी काढून घेता येत नाही. तो वसूल करणारी संस्था आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). सभासद होता येतं. पण खेड्यातले किती शाहीर तिथवर पोचलेत, हा प्रश्न आहेच. बहुतेकांनी कुठल्यातरी कॅसेट कंपनीला एकरकमी हजार-दोन हजारात सगळं लिहून दिलेलं असतं आणि करारपत्राची प्रत स्वतःकडे नसते.

साधा उपाय: बैठकीच्या आदल्या दिवशी गाणं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर म्हणून स्वतःलाच मेल करा. तारीख राहते. कोर्टात हा ब्रह्मास्त्र पुरावा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

—

झिलकरी

काळाकोट साहेब, जुन्या लोकांनी याची सोय आधीच करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात नाव. होनाजी घ्या, परशराम घ्या, पठ्ठे बापूराव घ्या, नाममुद्रा टाकल्याशिवाय लावणी पुरी नाही. आणि नाव असं बसवायचं की काढायला गेलं की यमक मोडतं. चोराने गाणं चोरलं तरी नाव गातच चोरायचं! आजची पोरं नाव घालत नाहीत, लाजतात. मी त्या बीडच्या पोराला हेच सांगीन, शेवटच्या कडव्यात गाव आणि नाव ठोक.

—

भीमगीतवेडा

एक नंबर! वामनदादाही नाव घालायचेच, ‘वामन’ म्हणून. तरी डीजेवाले शेवटचं कडवंच कापतात, त्याला काय करणार.

—

झिलकरी

मग मधल्या कडव्यात घाला. 🙂

—

इतिहासाचा कीडा

कम्युनिस्ट चळवळीतल्या लाल बावटा कलापथकाचा उल्लेख राहिला. १९४४. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर, तिघंही लिहिणारे, तिघंही गाणारे, एकाच पथकात. एकाचं नवं गाणं आधी दुसऱ्या दोघांच्या कानावरून जाणार हे उघड आहे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या मंडळींनी मैदानं गाजवली ते सगळे सांगतात, पण मैदानाआधी चाळीतली खोली असणार. तिची नोंद फारशी कोणी केली नाही. धागाकर्ता म्हणतो ती ‘ओली’ अवस्था तिथलीच.

अवांतर: या तिघांतल्या दोघांचं निधन एकाच साली, १९६९. अण्णाभाऊ जुलैत, अमर शेख ऑगस्टमध्ये.

—

सांगलीची सून

खर्चाचं कोणीच बोलत नाहीये. चौघांचं येणं-जाणं, जेवण, बिदागी कोणी दिली? कलाकाराला ‘घरगुती आहे हो’ म्हणून फुकट बोलवायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. माझे सासरे भेदिक गायचे. लोक रात्रभर ऐकायचे आणि सकाळी एसटीच्या भाड्याला कोणी पुढे यायचं नाही. वृद्ध कलावंत मानधन मिळायला लागलं तेव्हा आवाज गेलेला होता.

—

माळावरचा

@सांगलीची सून, रास्त प्रश्न. आधी जाण्या-येण्याचं भाडं पाकिटात घालून दिलं, गाण्याच्या आधी. मग शेवटी ताट फिरवलं, जमले त्याचे चार समान भाग केले. शाहिरांचं नाव मोठं, त्यांना जास्त द्यावं असं एक-दोघं म्हणाले. शाहीरच नको म्हणाले. ओवीवाल्या ताई पैसे घेईनात, “ओवीचे पैसे घेत्यात का कधी?” म्हणाल्या. मावशींनी (वाढ्याच्या) त्यांच्या ओटीत घातले. रक्कम फार नव्हती, त्यामुळे आकडा सांगत नाही, पण कोणी पदरचं घालून गेलं नाही.

—

चाकरमानी

वेळ किती ते किती? आमचे सामने रात्री सुरू व्हायचे ते उजाडेपर्यंत. आता दहाला माइक बंद करावा लागतो, नियम २००० सालापासूनचा आहे. सवाल सुरू होतो आणि पोलीस येतात, जवाब पुढच्या वर्षी.

—

माळावरचा

@चाकरमानी, 😀 साडेआठ ते दीड. माइक नव्हता म्हणून कोणी आलं नाही. शेजारच्या काकू अकरा वाजता तक्रार करायला आल्या, त्या शेवटपर्यंत बसल्या.

—

अनुस्वार

बरं, माझा एक प्रस्ताव. मोबाइल टोपलीतच राहू दे. पण चौघांच्या संमतीने एकच माणूस मुद्रण करेल, ते चौघांनाच मिळेल, आणि वहीत गाण्याच्या दोन्ही आवृत्त्या लिहून ठेवायच्या: घेऊन आला ती, आणि घेऊन गेला ती. ‘दोरीनं’ आणि ‘वाढ्यानं’ दोन्ही. कोणी सुचवलं त्याचंही नाव. म्हणजे मावशी ‘अज्ञात’ राहणार नाहीत. वही लिहायला मी येतो. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी सूचना करणार नाही असं लेखी देतो.

—

जात्यावरची

हे लेखी दिलेलं मला फ्रेम करून हवंय.

—

माळावरचा

@अनुस्वार, ठरलं. वही मी आणतो. पुढची बैठक दसऱ्याच्या आत घ्यायची आहे. नंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुलगाही जाईल आणि मावशीही, मग थेट उन्हाळ्यात परत. झिलकरी काका, तुम्ही येताय हे मी गृहीत धरलंय. शक्ती-तुऱ्याचे बुवा म्हणालेत की या वेळी ते शक्तीवाल्या बाजूच्या एका शाहिराला घेऊन येतील. म्हणजे भांडणाची सोय झाली.

—

झिलकरी

येतो. माझ्याबरोबर अजून एक झिलकरी लागेल, एकट्याने ‘जी जी’ म्हणणं बरं दिसत नाही. तालुक्याला उतरल्यावर पुढे काय मिळतं, वडाप की रिक्षा?

—

माळावरचा

वडाप सातपर्यंत. त्यानंतर मला फोन करा, गाडी घेऊन येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.